काट्याचं कुलूप

३ जून
सासऱ्यांच्या अकरा मधपेट्या डोंगरावर फर झाडांच्या जंगलात नेऊन ठेवल्या. सासरे गेल्यापासून माझी बायको झ्देंका त्यांच्या माश्यांशी बोलते, नवऱ्याशी कमी. जागा गुप्त. आमच्याकडे माणूस पाद्र्यापुढे सगळी पापं कबूल करेल, पण पेट्या कुठे आहेत ते सांगणार नाही. एका पेटीखाली नवा स्मार्ट वजनकाटा बसवला. वजन आणि ठिकाण थेट मोबाइलवर! आमच्या मधपाळ संघात असा काटा कुणाकडेच नाही.

२१ जून
बॅटरी संपली. दीड तास चढण. गुडघा गेला.
आमची नेया ल्युब्लियाना शहरात कॉम्प्युटरचं काम करते. फोनवर म्हणाली, बाबा, दर दहा मिनिटांनी वजन कशाला मागवतोस? दिवसातून दोनदा पुरे. पण काट्याचं सांकेतिक कुलूप काढू नकोस. या कुलपामुळे आकडे फक्त मला दिसतात म्हणे, आणि तेही बॅटरी खातं.
दोनदा? मग दिवसभर मी बघू काय? निश्चय: दहा मिनिटं कायम, कुलूप काढायचं. जंगलात चोरून ऐकणार कोण, अस्वलं?

९ जुलै
बॅटरी ८१ टक्के!! नेयाला कळवलं नाही. उगाच वाईट वाटायचं पोरीला.

१४ जुलै
मधपाळ संघाची सभा. विंकोने विचारलं, पेट्या कुठे? बहिणीकडे, म्हणालो. चेहरा एकदम कोरा ठेवला. विंको हसला. म्हणे, काल बहिणीकडे तीन किलो मध चढला वाटतं! अरे, तुझा काटा सगळ्यांना दिसतोय, नकाशासकट. बंद कर तो.
जळतो मेला.

२ ऑगस्ट, सकाळी ९.१०
वजन शून्य. काटा बिघडला. कंपनीला कडक पत्र लिहिलं.

२ ऑगस्ट, दुपार
झ्देंकाही वर आली. पेट्यांच्या जागी गवतावर अकरा पिवळे चौकोन. चोरांनी काटा तेवढा ठेवलाय, बॅटरी ६४ टक्के. मागे राहिलेल्या माश्या घर शोधत घिरट्या घालत होत्या. झ्देंका त्यांच्याशी बोलली नाही. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं.

३ ऑगस्ट
पोलिसाने विचारलं, जागा कुणाला माहीत होती? कुणालाच नाही, म्हणालो. नेयाने विचारलं, बाबा, कुलूप होतं ना? होतं, म्हणालो. झ्देंका एवढंच म्हणाली की तिच्या वडिलांनी चाळीस वर्षं कुणाला जागेचा पत्ता लागू दिला नव्हता.
इथे तरी खरं लिहायला हवं. कुलूप मी काढलं.
लिहिलं. हे पान फाडलेलं बरं.