गोड पाण्याचा शेरा

ठाणे, ता. ६ एप्रिल १८८६

म्युनिसिपालिटीचे साल संपले, वार्षिक रिपोर्ट अंगावर आला. छापील कोष्टक तेच : रस्ते, दिवे, विहिरी, आरोग्य. ज्या मेंबराकडे जो भाग, त्यानेच त्या भागाचा शेरा लिहायचा. आपली पाटी आपणच तपासायची. दर वर्षी मनात येते, दर वर्षी लिहितो.

यंदा निराळे आहे. रिपोर्ट चांगला गेला तर कलेक्टरसाहेब खुर्ची सोडतील आणि आमचा प्रेसिडेंट आम्ही निवडू. व्हाइस-प्रेसिडेंट रावसाहेबांनी कोर्टाच्या ओसरीवर हात धरला. "वकील, यंदा कुठे डाग नको." कॉलेजात आम्ही याच दिवसाच्या गोष्टी करत असू. दुपारभर डोळ्यांपुढे ती रिकामी खुर्ची. कोणी बसलेले नाही, तरी शोभते.

ता. ९

माझ्या भागात खाडीच्या अंगाला आगऱ्यांची आळी. पलीकडे मिठागरे, उन्हात पांढरी. जणू रात्रीचे चांदणे उचलायचे राहून गेले. विहिरीत डोकावलो. पाणी निवळ, तळचे दगड दिसतात, आकाश खाली गेलेले. उभा राहिलो बराच वेळ. मग लिहिले, "पाणी स्वच्छ व गोड."

म्हातारी बायजा भांडी विसळत होती. "काय लिवतंस, वकीलदादा?" वाचून दाखवले. पदर तोंडाला लावून हसली.

"चाखलंस?"

मी कोष्टकाची घडी घातली.

"बगून काय कलतंय? खाडीचा बांद फुटला तवापासून खारट हाय. पोरी तलावावर जातान, उनाच्या."

कळशी पुढे केली. मी छत्री उघडली आणि निघालो.

ता. १०

जुने रिपोर्ट काढले. सात साले "गोड". अक्षर माझेच. पहिली दोन बहुधा खरी. बांध त्यानंतर फुटला. मी पाहायला गेलो होतो, गुडघाभर चिखलातून. आणि घरी येऊन "गोड".

त्या आळीत पाणी पिणारा आमच्या कमिटीत एकही नाही. रंग पाहून चव लिहीत आलो. आळस? सोवळे? दोन्ही एकमेकांच्या आड बसली होती, असे वाटते.

आणि पाणी गोड असले की नव्या विहिरीचा प्रश्नच निघत नाही.

ता. १२

मुलगी यमू हिचे लग्न वैशाखात. व्याही कल्याणचे, सोवळ्याला फार कडक. घरात पापड, हसणे. दुपारी डोळा लागला तेव्हा ती खुर्ची विहिरीच्या तळाशी दिसली, पाण्यात अगदी स्पष्ट. बसायला जावे तर...

ता. १३

गेलो. बायजा एकटी होती. म्हटले, "दे, बाय."

"बाटशील हो!"

"दे."

तिने वरून धार धरली. ओंजळीने प्यालो. दुसरा घोट घेववेना. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. हसली नाही. "आता लिव."

"व गोड" खोडले. वर लिहिले, "परंतु खारट, पिण्यास निरुपयोगी."

ता. १५

रावसाहेब घरी आले. कोष्टक दोनदा वाचले.

"पाणी स्वच्छ आहे ना? तेवढेच ठेवा. चवीचे कोणी विचारले?"

"मी."

"एका विहिरीपायी सबंध शहराचा हक्क घालवायचा? साहेब म्हणतील, यांना घरची विहीर कळत नाही, प्रेसिडेंट काय निवडणार!" मग बेताने, "आणि खारट आहे हे सांगितले कोणी? आगरीण म्हणते म्हणून कमिटीचा शेरा फिरत नाही. मेंबराने स्वतः चाखले असेल तर नाव घालून सभेत वाचावे. नाहीतर जुना शेरा कायम."

दारात थांबले. "वैशाख जवळ आलाय, वकील."

मनुष्य वाईट नाही. त्यांनाही ती खुर्ची दिसते. मलाही अजून दिसते.

ता. १८

सौ.ला सांगितले. तांदूळ निवडीत होती. हात थांबला.

"कोणी पाहिलं?"

"बायजाने."

"ती नाही सांगायची."

"मला सांगावे लागेल. उद्या सभेत."

ओसरीवरून यमूचे गुणगुणणे. सौ. तिकडे बघत राहिली. "कल्याणला कळायला किती वेळ लागतो?" सूप बाजूला सारून तिने विचारले, "खरंच इतकं खारट होतं?"

"तोंडात धरवेना."

"आणि त्या बायका रोज..." तिने सूप ओढून घेतले.

ता. १९

म्युनिसिपालिटीच्या ओसरीवर बसून लिहितो. सभेला थोडा अवकाश आहे. कोष्टक मांडीवर, शेऱ्यापुढे नावाची जागा कोरी. लेखणी बुडवतो, शाई वाळते, पुन्हा बुडवतो.

निघताना सौ.ने रोजच्यासारखा पाण्याचा तांब्या पुढे केला. प्यालो. पाणी गोड होते. तिने तो हातातून घेतला आणि आत गेली. फळीवर ठेवला की वेगळा काढला, हे मी वळून पाहिले नाही.

आत रावसाहेबांचा आवाज. माझे नाव पुकारताहेत.