रेघ मारलेल्या पाच जणी

ओवालाऊ बेट, ३ मार्च

चि. तोरिका हिस,

आत्याचे अ. आ. आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, पण खुशाल कोणी नाही, म्हणून लिहीत नाही.

पत्र बघून दचकू नकोस. फोन मी पिठाच्या डब्यात घालून ठेवलाय आणि तो तिथेच राहणार. हे पत्र बोटीवरचा खलाशी जोने तुझ्या हातात देईल.

गेल्या सोमवारी आमच्या महिला मंडळातल्या एकतीसही जणींच्या फोनवर चर्चच्या नावाने संदेश आला. सिस्टर बेर्नादेत्तांच्या पहिल्या पुण्यस्मरणाच्या मिस्साप्रार्थनेत ज्यांना आपलं नाव वाचलं जावं असं वाटतं, त्यांनी नाव आणि फोनमधल्या पैशांच्या पाकिटाचा पिन भरावा, असं त्यात होतं. मी मंडळाची अध्यक्षा. मीच घरोघरी जाऊन सांगितलं, की बायांनो, भरा, सिस्टरांचं काम आहे. लोसेना आजींना चष्म्यातूनही धड दिसत नाही. त्यांचा पिन तर माझ्याच बोटाने दाबला. सव्वीस जणींनी भरलं, आणि मग पडद्यावर आलं, की ही चाचणी होती, खरा चोर असता तर काय केलं असतं? खाली एक हसरा चेहरा!

ज्या बाईने आम्हाला अक्षर दिलं, वसतिगृहात ताप आला की उशाशी बसून जपमाळ ओढली, तिला जाऊन पुरतं वर्ष झालं नाही, आणि तिच्या नावाचा गळ करायचा? लोसेना आजी त्या दिवसापासून चर्चला आलेल्या नाहीत. आपल्या हातून सिस्टरांच्या नावाने पाप घडलं असं त्यांनी मनात घेतलंय. आणि बायका मला बघून बोलणं थांबवतात.

तू तिथे सुवाला हेच शिकतेस ना, फोनवरच्या चोऱ्या? मग या निर्लज्जाला शोध. मला फक्त नाव कळव, बाकी मी बघते.

लोभ आहेच, तो वाढव. आणि शोध लवकर लाव.

तुझी आत्या,
आकानीसी

सुवा, ११ मार्च

ती. आत्यास,

तोरिकाचा सा. न. हे पत्र तीनदा फाडलं. तो निर्लज्ज मीच आहे.

माझ्या एम.एस्सी.च्या संशोधनातली ही चाचणी होती. वर्षभर आखणी केली. विद्यापीठाच्या समितीने चौदा पानी अर्ज वाचून मंजुरी दिली, मुखियाकाकांनी फोनवर हो म्हटलं. संदेश खरा वाटला नाही तर चाचणीला अर्थ नाही, असं माझे परदेशी मार्गदर्शक म्हणाले. तेव्हा तुम्ही कोणाच्या नावाला नाही म्हणणार नाही, याचा मी विचार केला. सिस्टरांचं नाव मीच सुचवलं. ते मला फार हुशारीचं वाटलं होतं.

पण आत्या, थोडा राग मलाही येऊ दे. दोन वर्षांपूर्वी आईला हॉस्पिटलच्या नावाने असाच संदेश आला आणि तिचं पाकीट धुऊन नेलं. त्यानंतर मी हा विषय घेतला. आपल्याकडे कोणीही यावं, चांगलं नाव सांगावं आणि मागावं, आपण देतो! उद्या खरा चोर आला तर हसरा चेहरा नाही पाठवणार.

सोबत निकालाचा तक्ता आणि एकतीस संमतिपत्रं आहेत. चाचणीनंतर प्रत्येकीने सही केली तरच मला हा निकाल वापरता येतो. मेअखेर मिळाल्या नाहीत तर संशोधन बाद आणि पदवीही गेली. तू सांगितलंस तर सगळ्या करतील.

लोभाला मी पात्र नाही हे कळतं, तरी मागते.

तोरिका

ओवालाऊ, २० मार्च

तोरिका,

आशीर्वाद गृहीत धर. लिहायला हात वळत नाही.

एकतीसही कागद कोरे परत पाठवतेय. मीच बायकांना सांगितलं, की कोणी सही करायची नाही. अध्यक्षपद अजून माझ्याकडे आहे.

परक्या गावात पाय ठेवायचा तर मानाची भेट म्हणून यांगोनाची मुळं घेऊन जायचं, चटईवर बसायचं, मी कोण, कोणाची, कशासाठी आले ते सांगायचं, हे तुला दुधाच्या दातांपासून माहीत आहे. आणि तू सिस्टरांचा मुखवटा लावून खिडकीतून आलीस! मुखियाला मी जाऊन विचारलं. तो म्हणाला, पोरगी अभ्यासासाठी काहीतरी पाठवणार एवढंच समजलं, घरची पोर मागतेय तर नाही कसं म्हणायचं. म्हणजे ज्या भाबडेपणावर तू निबंध लिहितेस, त्याच भाबडेपणावर तू परवानगी मिळवलीस. हे चौदा पानांत कुठे लिहिलंयस?

तक्त्यावर मोठ्या अक्षरांत आहे, ‘जाणिवेचा अभाव’. अगं, पिन म्हणजे काय हे आम्हाला कळतं. मुलाला सांगत नाही आम्ही पिन. सिस्टरांनी मागितला म्हणून दिला.

आणि सगळ्यात खाली पाच नावांपुढे रेघ मारून ‘प्रतिसाद नाही’. त्या पाचही घरी मी जाऊन बसले. एलेनोआने तुझ्या संदेशाला उलट विचारलं होतं, की सिस्टर चिडल्या की खडू कुठे ठेवायच्या. आपल्या शाळेतली कुठलीही मुलगी सांगेल, कानामागे. उत्तर आलं नाही तेव्हा तिने फोन पालथा घातला आणि शेजारच्या चौघींना थांबवलं. माझ्याकडेही आली होती ती. सिस्टरांच्या कामात कसले फाटे फोडतेस, म्हणून मीच तिला परतवलं. अर्धा राग माझा माझ्यावरच आहे, पण तोही सध्या तूच सोस.

पाच जणींनी तुझा चोर पकडला, पोरी. आणि तू त्यांच्यापुढे रेघ मारलीस.

लोभाचं आत्ता विचारू नकोस.

आकानीसी

सुवा, २ एप्रिल

ती. आत्यास,

सा. न. एलेनोआमावशींचा प्रश्न माझ्यापर्यंत आला होता. मी तो वाचलाही होता. मला आकडे हवे होते, आणि त्यांनी आकडा सोडून प्रश्न पाठवला, म्हणून मी ती ओळ गाळली. खडूचं उत्तर मला माहीत होतं, आत्या. तरी ही माझीच पारख चाललीय, हे माझ्या लक्षात आलं नाही.

मार्गदर्शकांना सांगितलं, तर म्हणाले, मंजूर आखणी मध्येच मोडत नाहीत, आणि पाच म्हणजे गाळ. त्यावर मी इतक्या जोरात बोलले, की शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. त्यांच्या देशात प्रश्न विचारणाऱ्या बाईला गाळ म्हणत असतील, आमच्याकडे तिला मंडळात घेतात, असंही मी म्हणाले. (मग माफी मागितली. खोटी.) समितीकडे पुन्हा गेले. ‘जाणिवेचा अभाव’ खोडलं. आता प्रश्न असा आहे, की त्या पाच जणींनी कसं ओळखलं. समिती म्हणते, बायका राजी असतील तर चालेल.

पण सह्यांसाठी हे लिहीत नाही. येत्या शनिवारच्या बोटीने मी आणि बाबा येतोय. यांगोना आणतोय. माफी बाबा मागतील, मी मागे बसेन. तू समोर बसली नाहीस तर त्याच बोटीने परतू.

लोभ मागायची हिंमत नाही. जागेवर बस, एवढंच मागते.

तोरिका

ओवालाऊ, १९ मे

चि. तोरिका हिस,

अ. आ., आणि या वेळी लिहिताना हात अडला नाही.

त्या दिवशी तुम्ही बोटीवर चढेपर्यंत मी काही बोलले नाही, ते रागाने नाही. आमच्यात भावाने बहिणीशी थेट बोलायचं नसतं. त्याने मुखियाकडे बघून माझी माफी मागितली, मी चटईच्या काठाकडे बघून ती ऐकली. चाळीस वर्षांत त्याचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. मुखियाने मुळं उचलून माफी स्वीकारल्याची टाळी वाजवली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे चटई दिसेनाशी झाली, म्हणून उठून दालोचे कंद उकडायला गेले. धूर लागला म्हणाले ते खोटं होतं.

लोसेना आजी रविवारी पहिल्या बाकावर होत्या. पोर पायाशी येऊन बसली तेव्हा कळलं पाप कोणाचं होतं ते, आता माझं मन हलकं आहे, असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्यात. तुला ते ऐकून घ्यावं लागेल.

एकतीस सह्या सोबत आहेत. एलेनोआने आधी तू आणलेल्या नव्या संमतिपत्राची तिन्ही पानं वाचली आणि तांबड्या शाईने चार चुका काढल्या. माझी सही सगळ्यात खाली आहे. मंडळाच्या बैठकीत उभं राहून मी तिची माफी मागितली, तेव्हा तिने खडू उचलून कानामागे अडकवला. बायका इतक्या हसल्या, की फादर बघायला आले.

फोन पिठातून काढलाय. बुधवारी परक्या नंबरवरून एक मुलगी बोलली, की मी तोरिका, मैत्रिणीच्या फोनवरून बोलतेय, कागद पाठवलेस का. मी विचारलं, की लहानपणी बोट लागली तेव्हा तू कोणाच्या टोपीत ओकलीस. त्यावर केवढी खवळलीस! आत्या, हा काय पोरखेळ, मला वर्गाला उशीर होतोय, मी तोरिका नाही तर कोण, असं ओरडलीस आणि उत्तर न देता फोन आपटलास.

पण मला कळलं होतं. सिस्टरांच्या नावाने आलेला तो संदेश किती गोड होता, आठवतंय? माझ्यावर इतकं खवळणारं माणूस माझ्या घरचंच असणार. हे निबंधात बसत असेल तर घाल. आणि मला ‘प्रतिसाद नाही’ लिहू नकोस.

टोपी फादरांची होती.

लोभ विचारत होतीस. तो कुठे गेला नव्हता, फोनबरोबर पिठाच्या डब्यात होता. आता झटकून वापरायला काढलाय.

तुझी आत्या,
आकानीसी