हरकत घ्यायची ती माझ्या जनाज्यात

मी, अंझिरत, मरहूम होलमत यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा रजया शिवणे, राहणार मार्गिलान, तुतांची गल्ली, हे माझे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. खात्री हवी असेल तर गेल्या आठवड्यात मी ज्यांच्याशी भांडले त्यांना विचारावे. गुडघे साथ देत नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचे नसते. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. तेवढी हिंमत या गल्लीत कोणाची नाही.

राहते घर आपल्या रीतीप्रमाणे धाकट्याला, म्हणजे शेरअलीला द्यावे. गळके छप्परही त्याचेच. 'उद्या बघतो, आई' हे त्याचे वाक्य त्या छपराखाली बरीच वर्षे भिजत पडले आहे, तेही त्यानेच घ्यावे.

शिवणयंत्र थोरल्या नातीला, मुनिसाला. कात्री कोणालाही देऊ नये. ती माझ्या नणंदेने एकदा उसनी नेली होती आणि तिने कोंबडी कापून परत केली. तेव्हापासून ती रुसली आहे. कात्री आणि मीही.

आता मुख्य गोष्ट. घरामागची जर्दाळूची बाग मी थोरली सून नाझोकत हिच्या नावे करते. तिथे तिने स्वतःचे माडीचे घर बांधावे. तिचा नवरा, माझा थोरला मावलोन, गेला तेव्हा लोक म्हणाले, सून आता पोरी घेऊन माहेरी जाईल. ती गेली नाही. तिने माझे पाय चेपले, माझी बोलणी खाल्ली आणि माझ्याहून बरी रजई शिवू लागली. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटले नाही, म्हणून इथे लिहिते. ती मला पोटच्या पोरीसारखी आहे. पुलावाचा मात्र अजून गिचका करते. शेरअलीची मुले मोठी होत आहेत, एका घरात दोन चुली फार दिवस नांदत नाहीत. हे घर झाले नाही तर माझ्यामागे तिला दोन पोरी घेऊन भावाच्या दारात उभे राहावे लागेल. तो भाऊ मला माहीत आहे.

या घराच्या परवानगीसाठी महल्ल्याच्या कचेरीत सुनावणी झाली. शेजाऱ्यांच्या हरकती मी नीट ऐकल्या. त्यांचा निकाल इथेच लावते.

समोरची कुम्री म्हणाली, "माडीच्या खिडकीतून आमचं अख्खं अंगण दिसेल हो! उन्हाळ्यात आम्ही बाहेर बाजेवर झोपतो."

मी म्हटले, "अगं, तुझा एर्गश झोपलेला बघायला कोण माडी चढणार आहे?"

सगळे हसले. एर्गशही हसला, पण बोलला नाही. तो लग्नानंतर फारसा बोललेलाच नाही. तरी अब्रूची बाब आहे, म्हणून माझे लग्नातले रेशीम नाझोकतला देते. तिने त्याचा पडदा शिवून त्या खिडकीला लावावा. कुम्रीला गल्लीतली बातमी हवी असली की तिने खालून हाक मारावी, नाझोकत पडदा सारेल.

भिंतीपलीकडचा तुर्सुनपोलात म्हणाला, त्याच्या द्राक्षवेलीवर सावली पडेल. त्याने माझ्या वेलीची द्राक्षे घ्यावीत. त्याची पोरे भिंतीवरून घेतच होती, आता दिवसाउजेडी दारातून घ्या म्हणावे.

मग अध्यक्ष अब्दुवोहिद आका खाकरले. "आपा, एकट्या बाईला माडी कशाला? आणि उद्या तिनं दुसरं लग्न केलं तर? परका माणूस गल्लीत येईल."

खरी हरकत ही होती. सावली आणि खिडकी हा नुसता पुलावाआधीचा चहा. नाझोकत खाली मान घालून चहा ओतत राहिली. ते मी विसरणार नाही. माझे उत्तर असे: केले तर करू दे. घर तिचेच राहील, आणि त्या लग्नाचा पुलाव माझ्या मोठ्या कढईत शिजेल. शिजवायला मात्र दुसरे कोणीतरी बसवा.

अध्यक्षांनी निकाल पुढे ढकलला. "द्राक्षं उतरल्यावर बघू," म्हणाले. माझे हृदय द्राक्षांपर्यंत टिकणार नाही असे डॉक्टरीणबाई सांगतात. म्हणून पुढची सुनावणी मीच ठरवते.

माझा जनाजा ठेवला की इमामसाहेब रीतीप्रमाणे विचारतील, "ही बाई कशी होती?" तुम्ही सगळे म्हणाल, "भली होती." म्हणालच, कोंबडीचोर मुसालासुद्धा आपण भला म्हणूनच पुरले. मग ते विचारतील, "हिच्याबद्दल कोणाची काही तक्रार, काही मागणे?" त्या वेळी शेरअलीने पुढे होऊन म्हणावे, "आईच्या बागेतल्या घराबद्दलही बोला." ज्याला हरकत घ्यायची त्याने तेव्हा घ्यावी, माझ्यासमोर, मोठ्याने. मी उलट बोलणार नाही, एवढी सवलत आयुष्यात प्रथमच देत आहे. कुम्रीला तिथे येता येणार नाही, बायका जनाज्याला जात नाहीत. तिच्या वतीने एर्गशने बोलावे. कोणीच बोलले नाही तर ती संमती समजावी आणि अब्दुवोहिद आकांनी तशी सही करावी, त्यानंतरच मला उचलावे. उन्हाळा आहे, फार विचार करू नये.

माझ्यावर माती टाकून झाली की फावडी घरी नेऊ नका. या गल्लीत प्रत्येकाचे घर सगळ्यांनी मिळून बांधले, आणि माझ्या रजया सर्वांच्या अंगावर आहेत. सरळ बागेत या. पाया खणायचा आहे.

वर लिहिलेले सर्व मी राजीखुशीने लिहिले, वाचून पाहिले, आणि मला ते आवडले.

ठिकाण: मार्गिलान. दिनांक: ९ जून २०१९.

सही: अंझिरत

साक्षीदार:
१) रोबिया, नानवाली
२) एर्गश, कुम्रीचे यजमान

ता. क. एर्गशने सगळे वाचले आणि सही केली. उठताना म्हणाला, "आपा, माझं फावडं बोथट झालंय. आजच धार लावून ठेवतो."