जागा ओसाड नाही

९ जानेवारी १९८९, सोमवार

नामंजूर! कारण एका ओळीत — "प्रस्तावित जागा ओसाड नाही."

तीनदा वाचलं. नाहीच ना ओसाड! आठ वर्षं आम्ही अकरा जण दर रविवारी डोंबिवलीहून टिटवाळ्याला जातो, त्या सरकारी डोंगरावर राबतो, ते कशासाठी? गवत कापून मोकळे पट्टे काढायचे, म्हणजे वणवा पलीकडे जात नाही. कुऱ्हाडवाल्यांपुढे हात जोडायचे. एवढंच केलं. जुन्या खुंटांना आपोआप धुमारे फुटले — ऐन, धावडा, खैर. आता माझ्या डोक्याच्या वर गेलेत. आणि वृक्षलागवडीचं अनुदान मिळतं ते फक्त उघड्याबोडक्या जागेला.

वनीकरण खात्याचे साहेब हसत म्हणाले, "मास्तर, काम आधीच करून बसलात, हीच तुमची चूक." वर चहाही पाजला.

१० जानेवारी

पैशाचं मला सोयरसुतक नाही. आठ वर्षं कुठे होता पैसा? पण योजनेत नाव लागलं की दहा वर्षं डोंगराला कोणी हात लावू शकत नाही. नाही लागलं तर मार्चअखेर तो खडीवाल्याच्या घशात. त्याचा खाणीसाठीचा अर्ज तहसिलीत तयारच आहे. शेजारची टेकडी त्यानंच खाल्ली. दोन वर्षांत सपाट!

१५ जानेवारी, रविवार

गोमाजीला सांगितलं. पायथ्याच्या गावातला हा म्हातारा नसता तर आमचे रविवार काय कामाचे होते? उरलेले सहा दिवस डोंगर तोच राखतो. पूर्वी गाव दरवर्षी गवत पेटवायचं. ह्यानं घरोघरी फिरून ते बंद करवलं.

ऐकून म्हणाला, "झारा लावाला देतान, राखाला देत नाय? यो कुठला कायदा, मास्तर?"

म्हटलं, झाडं लावली तरच पैसे, राखली तर नाहीत, असाच आहे कायदा.

२४ जानेवारी

पुन्हा साहेबांकडे. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी दार लोटून हळूच म्हणाले, "दक्षिणेच्या उतारावर पाच हेक्टर मोकळी दिसली तर ओसाड म्हणून लिहीन मी. सत्तावीस फेब्रुवारीला बघायला येतो. मोकळी कशी होते ते तुमचं तुम्ही बघा."

२९ जानेवारी, रविवार

साहेबांचं म्हणणं सगळ्यांच्या कानावर घातलं. आमच्यातला पोस्टातला श्रीपाद म्हणाला, "पाच हेक्टर जातील, तीस वाचतील. आणि आपण काही पेटवायचं नाहीये. फक्त ह्या वर्षी दक्षिणेचा पट्टा काढायचा नाही. वणवे काय, लागतातच."

कोणी नाही म्हणालं नाही. मीही नाही.

उतरताना गोमाजीनं विचारलं, "तिकरचा पट्टा ऱ्हायला ना, मास्तर?" म्हटलं, पुढच्या रविवारी. थाप!

१२ फेब्रुवारी, रविवार

वणवा येत नाही. आसपासचे डोंगर काळेठिक्कर पडले, आमचा नाही! गोमाजीनं गावाला इतकं शिकवून ठेवलंय की लोक बिडीचं थोटूकसुद्धा चुरडून विझवतात. आग लागावी म्हणून देवाला साकडं घालणारा मी एकटाच असेन.

१९ फेब्रुवारी, रविवार

आठ दिवस उरले. जेवण जात नाही. सरस्वती विचारते, "अहो, झालंय तरी काय?" बायकोला काय सांगू, कपाळ?

दक्षिणेच्या उतारावर एका ऐनाला फळं धरलीत. आठ वर्षांत पहिल्यांदाच. मुद्दाम त्या बाजूला गेलो नसतो तर बरं झालं असतं.

२१ फेब्रुवारी

उद्याची किरकोळ रजा टाकली. कारण — पोटदुखी. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिलं खोटं कारण.

२२ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी दोनला लावली. एकच काडी. गवत असं चरचरलं की मागे न बघता ओढ्यातून पळत सुटलो. स्टेशनवर आली ती पहिली गाडी पकडली.

मी नीच आहे. चालेल. डोंगर राहू दे!

२३ फेब्रुवारी

श्रीपाद निरोप घेऊन आला. वणवा विझला. गोमाजीनं हिरव्या फांद्यांनी झोडपून एकट्यानं विझवला. दोन्ही तळपाय भाजलेत, हातही. कल्याणला दवाखान्यात नेलाय. जळलं फक्त खळ्याएवढं.

देवा, हे काय केलं मी!

२४ फेब्रुवारी

दवाखान्यात गेलो. हातापायांना पट्ट्या. मला बघून म्हातारा हसला! "इजवला वनवा, मास्तर. झारा हाईत."

सांगणार होतो. मोसंबी ठेवली आणि उभा राहिलो.

त्याची सून शेवंती रडत होती. "हाक मारली आसती त आख्खा गाव धावला आसता. एकलंच कशाला गेलं?" खरंच, कशाला? धूर दिसला की आधी गावाला हाक मारा, हे आठ वर्षं आम्हाला शिकवणारा तोच.

२७ फेब्रुवारी, सोमवार

साहेब आले. उतारावर उभे राहिले. जळका तुकडा बुटानं उकरून पाहिला.

"मास्तर, ही जागा ओसाड नाही हो."

संपलं. डोंगर खडीवाल्याचा. गोमाजीचे पाय भाजून कामातून गेले, ते माझ्यामुळे. उद्या शाळेत कुठल्या तोंडानं उभा राहू?

२ मार्च, गुरुवार

कबूल करायला गेलो. मी काही बोलायच्या आत गोमाजीच म्हणाला, "काडी टाकताना मी तुमाला बगला होता, मास्तर. म्हनून त एकलाच धावलो. दुसरा कोन आसता, त गावाला हाक मारली आसती."