चन्नव्वाची आण

कोल्हापूर,
ता. ११ मार्च १९१८

तीर्थस्वरूप रत्नक्कास,

धाकट्या पंचाक्षरीचे शरणु शरणार्थी. इकडे सर्व ठीक, तुमची व भावजींची खुशाली कळवावी. रीत म्हणून लिहिलं. ठीक काही नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

तुझं पत्र पोचलं. तुला अक्षरं मीच शिकवली, म्हणून हक्कानं सांगतो, हे पत्र भावजींकडून वाचून घेऊ नकोस. वेळ लागू दे, पण तूच वाच.

तुझ्या चन्नीची ट्रंक गडहिंग्लजच्या गाडीवानाबरोबर पाठवली आहे. दोन परकर, पाटी आणि तू दिलेली घोंगडी. आमचा स्वयंपाक करणाऱ्या शांतव्वा काकूंनी सगळं धुऊन, घडी घालून दिलं. परीक्षा जवळ आली आहे. नदीकाठची गुऱ्हाळं अजून चालू आहेत. वारं फिरलं की गुळाचा वास थेट खोलीत येतो, मग मी खिडकी लावून बसतो.

तू लिहितेस, घरात गूळ आणायचा बंद केला, आणि भेटायला येणाऱ्या बायकांना सांगतेस, "पोर माझी गुळाच्या हावेनं गेली." अक्का, ते सांगायचं थांबव. का थांबवायचं, ते लिहायलाच बसलोय. आधीची दोन पत्रं फाडून टाकली.

दिवाळीनंतर तू तिला माझ्याकडे सोडलंस, तेव्हा माझी ऐट काय सांगू! वैद्य म्हणाला होता, एवढ्या लहान वयात मधुमेह झाला तर पोर हाती लागत नाही. मी म्हणालो, "त्याला काय कळतंय? मी रसायन शिकतोय. भात, भाकरी, गूळ बंद केलं की साखर बंद." तू म्हणालीस, "तुझ्या पदरात घातली बघ पोर." अकरा वर्षांची पोर मी ताक आणि पालेभाजीवर ठेवली.

रोज सकाळी तिची लघवी मोरचुदाच्या निळ्या पाण्यात घालून दिव्यावर उकळायचो. निळं राहिलं तर साखर नाही, विटेसारखं लाल झालं तर आहे. ती शेजारी उकिडवी बसून म्हणायची, "मामा, आज निळं ऱ्हाईल की!" आणि पहिले काही दिवस राहिलंही. टाळ्या काय पिटल्या तिनं!

पौषात नळी पुन्हा लाल झाली. दुसऱ्या दिवशीही लाल. माझ्या डोक्यात एकच, साखर तोंडातूनच जाणार, म्हणजे ही चोरून खाते. गुऱ्हाळावरनं कुणाला रिकाम्या तोंडी पाठवत नाहीत, ही आपली रीत. कुणीतरी हिच्या हातावर खडा ठेवत असणार, असं मी धरून चाललो. तिचं अंथरूण झाडलं, हात हुंगले.

"गूळ खाल्लास?"

"न्हाय मामा."

"मग नळी खोटं बोलती व्हय?"

तिनं गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं. "लिंगाची आण, मामा. एक खडा पण न्हाय खाल्ला."

मी तिला चापट मारली, अक्का. "वर आणि खोटी आण घेतीस?" म्हणून. शांतव्वा काकू मध्ये पडल्या, "आवं, पोर दिसभर माझ्या म्होरं असती, खाईल कुठनं?" त्यांनाही गप्प केलं. आणि पोर चोरून गूळ खाते, वर खोटं बोलते, असं तुला पत्र धाडलं. तुझं उत्तर आलं, "मामाचं ऐक, खोटं बोलून माझी मान खाली घालू नको." तेही मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानंतर नळी निळी झाली का, हे तिनं कधी विचारलं नाही.

शेवटचे दोन दिवस ती शुद्धीत नव्हती. चमचाभर पाण्याशिवाय पोटात काही गेलं नव्हतं. तरी सवयीनं मी नळी उकळली. लालभडक! उपाशी पोरीच्या अंगात साखर आली कुठून? अक्का, मला तिथंच कळलं.

फडताळातला मधुमेहावरचा ग्रंथ काढला. मला सगळं कळलंय, या तोऱ्यात तो मी अर्ध्यावर सोडला होता. पुढच्याच प्रकरणात लिहिलं होतं, की या रोगात शरीर आपलंच मांस मोडून त्याची साखर करतं. गुळाची गरजच नसते. तिचे दंड वाळत चालले होते ना, तेच नळीत उतरत होतं.

तिच्या कानाशी तोंड नेऊन "चुकलो गं" म्हणायला अख्खा दिवस हातात होता. मी म्हणालो नाही. संध्याकाळी ती गेली. तुमची गाडी उशिरा पोचली आणि तू उंबऱ्यातच विचारलंस, "काय झालं रं?" मी म्हणालो, "गुळानं घात केला." जाणूनबुजून म्हणालो, आपली लाज राखायला.

आपल्या रीतीनं तिला मातीत बसवल्यावर डाव्या तळहातावर लिंग मीच ठेवलं. बोटं मिटवली, तरी तिची मूठ सोडली नाही. तुला वाटलं, मामाला दुःख सोसवेना. तू माझ्या पाठीवरनं हात फिरवलास. तो हात अजून जाळतोय मला.

ती वाचली नसतीच, अक्का. या रोगावर अजून कुणाकडं काही नाही. पण खरी म्हणून गेली असती.

आता घरात गूळ आण. बायका येतील त्यांच्या हातावर खडा ठेव आणि सांग, चन्नव्वानं आण खरी घेतली होती, खोटं तिचा मामा बोलला. माझं नाव घेऊन सांग. मग मला दारात उभं करायचं की नाही, ते तू ठरव.

चन्नी ज्याला मामा म्हणायची, तो
पंचाक्षरी