विनातिकीट पुस्तकं

४ जानेवारी, रविवार
वर्ध्याहून परतलो. तीन दिवसांचं ग्रंथपालांचं प्रशिक्षण झालं. तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली, आता गावचं वाचनालय सांभाळायचं म्हणून म्हातारपणी वर्गात. शेजारी सगळ्या पोरीबाळी. पण मजा आली. गावोगावच्या वाचनालयांसाठी राज्यात केवढं काय काय आहे, आणि आम्ही इथे जुने दिवाळी अंक उगाळत बसलेलो! फिरती ग्रंथपेटी मिळते. पन्नास पुस्तकं, तीन महिने, मग पेटी पुढच्या गावाला. शिवाय अडलं तर विचारायला एक जाणता ग्रंथपाल जोडून देतात. आमच्या वाट्याला कोल्हापूरकडच्या एक बाई आल्या.
अट : वाचक नोंदवहीत दिसले पाहिजेत, पेटी पूर्ण परत गेली पाहिजे. तरच दुसरी पेटी. नाहीतर यादीतलं पुढचं गाव. अर्ज तिथेच भरून टाकला.
बायको, मंदा, म्हणाली, रिटायर होऊनही ड्यूटी लावूनच घेतली तुम्ही.

१५ जाने.
पेटी आली! स. ९ च्या गाडीनं, माझ्याच जुन्या रूटवर. ड्रायव्हरनं केबिनमध्ये जपून आणली. उघडली तेव्हा भोवती ही गर्दी. समुद्रप्रवासाचं एक आहे, चांगल्या टपोऱ्या अक्षरांचं. ते गंगाधर शिंप्यानं हातोहात पळवलं.
बढतीचा कागद आला तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

९ फेब्रु.
कपाट रिकामं. वाचनालय रिकामं. नोंदवहीत प्रत्येक पुस्तकापुढे एकच नाव. नेलेली पुस्तकं येतच नाहीत. उद्या चेकिंग.

१० फेब्रु.
गंगाधरकडे समुद्र नाही. बहिणीला दिला. बहिणीनं अंगणवाडीच्या शेवंताबाईंना. शिवणकामाचं पुस्तक तर चौथ्या घरी सापडलं, तेही शेवंताबाईंच्याच हातात, आणि सोबत तिळाची पुडी. पुडी कशाला, विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरचं भांडं आपण रिकामं देतो का कंडक्टर मास्तर? वाचून झालं का पुढं द्याचं, संग काईतरी द्याचं."
म्हणजे अख्खं गाव विनातिकीट! डोकं सणकलं.

११ फेब्रु.
पाटी लावली. लाल अक्षरांत. 'पुस्तक परस्पर दुसऱ्यास देऊ नये.'

१८ फेब्रु.
आठवड्यात सगळी पुस्तकं परत. कपाट कसं गच्च. नवीन मात्र एकानंही नेलं नाही. गंगाधर दारावरून जातो, आत बघत नाही. संध्याकाळभर एकटा बसलो.
मंदानं जेवताना ऐकवलं. "बाया हरभऱ्यातून घरी येते तवा तुमचं कुलूप लागलेलं राह्यते. त्याहिनं पुस्तक बदलाव कव्हा?"
हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही…

१९ फेब्रु.
कोल्हापूरच्या बाईंना फोन. पाटीसकट सगळं सांगितलं. आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, आमच्याकडे पुस्तकं कपाटात बसून राहतात, तुमची चालतायत, आणि तुम्ही त्यांनाच खाली उतरवताय होय? उपाय : प्रत्येक पुस्तकात मागे कोरी चिठ्ठी. जो वाचेल त्यानं आपलं नाव लिहायचं. पुस्तक परत आलं की नावं नोंदवहीत. इतकं सोपं. कपाळावर हात मारला.
पाटी काढली. घरोघर जाऊन सांगितलं, माझं चुकलं. बायकोसमोर कधी म्हटलं नाही ते गावासमोर म्हटलं. शेवंताबाईंनी चहा पाजला. गंगाधर समुद्र पुन्हा घेऊन गेला, शेवटची पानं राहिली होती म्हणे.

१६ मार्च
चिठ्ठ्या वाचत बसलो. पुस्तकांपेक्षा चिठ्ठ्याच भारी! शिवणकामावर अकरा नावं. एकीनं लिहिलंय, 'अर्धंच वाचलं, खोटं नाई सांगत.' वाचनालयाची पायरी कधी न चढलेल्या बायकांची नावं आहेत यात. मंदाचंही एक सापडलं. घरात पुस्तक कधी आलं, कळलंही नाही.

१३ एप्रिल
परवा पेटी जाणार. एकोणपन्नास आली. समुद्र नाही.
माग काढला. गंगाधर, बहीण, शेवंताबाई, त्यांची भाची, आणि भाचीच्या सासरी, शेजारच्या गावात, वासुदेव. माझा वासुदेव! बावीस वर्षं त्याच्या गाडीवर मी कंडक्टर होतो.

१४ एप्रिल
सकाळीच सायकल काढून वासुदेवकडे. सेवाग्रामला डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला बारीक अक्षर लागत नाही, पेपरही सोडलेला. आज ओट्यावर बसून, पुस्तक मांडीवर, बोट ओळीवर. जन्मभर आष्टी-वर्धा, वर्धा-आष्टी. समुद्र पाहिलेला नाही.
मी म्हटलं, उद्या पेटी जाते, पुस्तक दे. एक जरी कमी पडलं तर गावाची दुसरी पेटी जाईल.
त्यानं बोट ओळीवरून उचललं नाही. "जिंदगीभर पॅसेंजर चढाच्या आधी बेल मारली तुनं. जहाज अजून बंदराले लागलं नाई. आता तरी थांब."
हसूच आलं. चहा प्यायलो. पुस्तक तिथेच ठेवून आलो.

१५ एप्रिल
पेटी ९ च्या गाडीत चढवली. एकोणपन्नास पुस्तकं, नोंदवहीची नक्कल, वर पुढच्या गावासाठी तिळाची मोठी पुडी (शेवंताबाई). पेटी पाठवणाऱ्या जिल्हा ग्रंथालयाच्या मॅडमना चिठ्ठी : 'एक पुस्तक प्रवासात आहे. पोचलं की पाठवतो. चूक वाचकाची नाही, माझी समजावी.'
सबंध नोकरीत एक माणूस फुकट सोडला नाही मी. गाडी हलली, पण मागे धावून ती थांबवावीशी वाटली नाही.

२० एप्रिल
वासुदेवचा फोन. "लागलं जहाज." पुस्तक उद्याच्या गाडीनं पाठवतो म्हणाला, चिठ्ठीवर नाव टाकून. दुसऱ्या पेटीचं त्यानंही विचारलं. वाचनालयात येऊन दिवसभरात सात जण तेच विचारून गेले, त्यांना दिलं तेच उत्तर त्यालाही दिलं : मॅडमचं काही आलेलं नाही.
"बरं," म्हणे. "मंग पुढची गाडी कव्हाची हाय?"
मी म्हटलं, चौकशीच्या खिडकीवर मीच उभा आहे बाबा. कळलं की पहिला तुलाच चढवतो.