मिटलेलं भांडण

१४ नोव्हेंबर २०२५
एका वर्षाची तीन केली! मनिष वर्षभर आत बसून गेल्या उन्हाळ्यात घरी आला. आणि आज पोलीस त्याला पुन्हा घेऊन गेले. शिक्षा कमी पडली म्हणून सरकारने अपील केलं होतं म्हणे. वरच्या कोर्टाने वाढवून टाकली – माझ्या नवऱ्याला न विचारता.

१५ नोव्हेंबर
विचारलं होतं! सासूने आज सांगितलं. हवालदार कोर्टाची नोटीस घेऊन वेवजीला घरी आला तेव्हा मी तलासरीत, दुकानात कामावर. मनिषने सही केली आणि म्हणाला, 'आमचं मिटलंय.' तारखेला गेलाच नाही.

डोकं फिरलंय माझं. बांधावरून भांडण, याने शेजारच्या काकड्यादादाच्या हातावर कोयता मारला. सुटून आल्यावर पाड्यातली मोठी माणसं बसली, ताडीची धार जमिनीवर सोडली, दोघं एका पानात जेवले. त्यानंतर भांडणाचं नाव काढायचं नाही, ही रीत. पण कोर्टाला काय माहीत तुमची ताडी?

२ डिसेंबर
वकील दिशामॅडम हायकोर्टात जाणार. म्हणाल्या, "तो आला नाही तरी कोर्टाने त्याच्यासाठी वकील द्यायला हवा होता. मुद्दा पक्का आहे. पण काकड्याने समेट झाल्याचं प्रतिज्ञापत्र दिलं तर बरं पडेल."

५ डिसेंबर
काकड्यादादा नाही म्हणतो. "मिटलेलं उकरायचं नाय, शितल." आमच्या लावणीला हाच माणूस चिखलात उभा होता. आणि आता अंगठा द्यायला जड जातंय!

९ डिसेंबर
चारोटीला नाक्यावर गाठलं त्याला. चार माणसांत ओरडले. माझा नवरा सडतोय आणि तुला रीत सुचते? शेवटी रिक्षात बसून डहाणूला मॅडमकडे आला, अंगठा दिला. निघताना एवढंच म्हणाला, "भांडण पुन्हा कोर्टात नेलंस. आता मिटलेलं नाय राहिलं."

नसू दे. रीत काय मला नवरा आणून देणार आहे?

२० फेब्रुवारी
वाढवलेली शिक्षा हायकोर्टाने रद्द केली. पहिलं वर्ष भोगून झालंय, म्हणून सोडायचा हुकूम. दुकानात गिऱ्हाइकांसमोर रडले. रडू दे, म्हटलं.

२३ फेब्रुवारी
मनिष सुटला. मी कुणाचा अंगठा घेतला ते वाटेत सांगितलं. घरात आलाच नाही, तसाच काकड्यादादाच्या अंगणात जाऊन बसला. दुपारपासून बसलाय. त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.